न वळलेली दावी

गेल्या वर्षभरात आमच्या पेठेतल्या दोघांच्या अंगावरून वारे गेले. दोघांच्याही घरची माणसे माझ्याकडे येऊन गेली. या दुखण्यातून उठलेला माणूस म्हणून गावात माझे नाव झाले आहे. ती विचारतात, मास्तर, तेल कोणते चोळले? पारव्याचे रक्त लावले का? वैद्य बरा की इस्पितळ बरे? मी काय काय केले हे सगळे विचारतात. मी काय केले नाही हे अजून कोणी विचारलेले नाही, आणि सांगण्यासारखे माझ्याजवळ तेवढेच आहे. म्हणून लिहितो. डाव्या हाताने लिहितो. अक्षर चांगले आहे. माझ्या फजितीची सुरुवात त्या चांगल्या अक्षरापासूनच झाली.

खडू

मी माणदेशातला. आमच्या घराण्यात काय, आमच्या गावात पहिला बी. ए. मीच. हे मी सांगतो तेव्हा लोकांना तो माझा गर्व वाटतो. वाटू दे. फुकट मिळालेला नाही.

फुकट नाही म्हणजे काय, तर त्याची किंमत माझ्या थोरल्या भावाने भरली. त्यांना आम्ही आबा म्हणतो. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे. वडील गेल्यावर मेंढरे, दोन बैल आणि खडकाळ रान त्यांनी अंगावर घेतले आणि मला आधी दहिवडीला, मग साताऱ्याला, मग कॉलेजात धाडले. त्यांना स्वतःला अक्षरओळख नाही. पण मी साताऱ्याच्या शाळेत मास्तर झाल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी बाजाराला आले की ते शाळेच्या आवारात शिरत आणि माझ्या वर्गाच्या खिडकीशी उभे राहत. मी फळ्यावर लिहीत असे ते बघत. वाचता येत नसे, नुसते बघत. एकदा म्हणाले, "मेंढरं एकामागं एक वड्याला उतरावीत तशी चालत्यात रं तुजी अक्षरं." मला युनिव्हर्सिटीने जे काही दिले त्यापेक्षा ते वाक्य मोठे वाटले होते.

लढाईचे दिवस होते. मॅट्रिकच्या वर्गावर इंग्रजी व्याकरण चालले होते. हातातून खडू पडला. उचलला, पुन्हा पडला. मुले हसली. मी ओरडलो, तर माझा आवाज मलाच ओळखू आला नाही; जाड, लोळणारा, दारू प्यायलेल्या माणसासारखा. मग गुडघा वाकला. एवढे आठवते की फळ्यावरचे वाक्य अर्धवट होते आणि पडता पडता मला त्याचीच चिंता लागली होती.

टांग्यात घालून घरी आणले. डॉक्टर आले, तळपायाला टाचणी लावून पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि बायकोला म्हणाले, "अर्धांगवायू आहे. जीव वाचेल असं वाटतं. उजव्या बाजूचं मात्र आत्ताच सांगता येत नाही."

मी विचारले, लिहिता येईल का? तोंडातून जे आले ते डॉक्टरांना कळले नाही. माझी बायको अनसूया पायाशी बसली होती. ती म्हणाली, "ते इचारत्यात, लिवता येईल का."

डॉक्टरांनी पिशवी बंद केली. "आधी उठून बसू द्या," म्हणाले.

शेजारची खाट

शाळेतल्या मंडळींनी सांगलीकडच्या एका इस्पितळात न्यायचे ठरवले. सातारा रोड स्टेशनवरून आगगाडीत आडवे घालून नेले. तिथे सात आठवडे होतो.

इस्पितळात माणसाचे वय जाते. सकाळी घंटा व्हायची. दुसऱ्याने तोंड पुसायचे, दुसऱ्याने कूस बदलायची, दुसऱ्याने भांडे लावायचे. मी बेचाळीस वर्षांचा, मुलांना नुसत्या नजरेने गप्प करणारा माणूस. अनसूया मला पेज भरवायची आणि ती ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून गळायची. मला कळायचेही नाही. ती पदराने पुसायची तेव्हा कळायचे. भीती मरणाची वाटली नाही. असेच जगावे लागेल याची वाटली.

शेजारच्या खाटेवर अण्णाप्पा शेटजी होते. सांगलीचे हळदीचे व्यापारी, जैन. दिवस मावळायच्या आत जेवून मोकळे व्हायचे आणि मग मला चिडवत बसायचे. त्यांचाही उजवाच हात गेला होता.

"काय मास्तर, आज काय म्हणतोय आपला हात?"

"काही म्हणत नाही."

"तुमचा शिकलेला हाय की वो. मनात इंग्रजी बोलत असंल, तुमाला ऐकू येत न्हाई." आणि स्वतःच खो खो हसायचे. मला पहिल्यांदा हसू आले ते त्यांच्यामुळे. तोंड वाकडे होते म्हणून हसूही वाकडे आले. ते पाहून ते आणखी हसले.

वॉर्डावर एक सिस्टर होत्या. नगरकडच्या, उंच, बोलायला शाळेतल्या बाईंसारख्या स्वच्छ. रोज सकाळी त्या आमची बोटे एकेक करून उघडत, मनगट फिरवत, खांदा उचलत. बाराव्या दिवशी माझ्या पायाचा अंगठा हलला. अनसूयेने साऱ्या वॉर्डात साखर वाटली. रेशनची साखर, घरून पुडीत बांधून आणलेली.

एक दिवस सिस्टर म्हणाल्या, बोटांनी बारीक वस्तू उचलून दुसरीकडे ठेवायची सवय करा, खडे घ्या, शेंगा घ्या. दुसऱ्या दिवशी अण्णाप्पांनी दुकानातून हळकुंडांची करंडी आणवली. एका टोपलीतले हळकुंड उचलायचे, दुसऱ्या टोपलीत टाकायचे. निम्मी खाली पडायची. खाट, चादर, अंगरखा, सगळे पिवळे. सिस्टर चादरीवरून रागावल्या आणि हातावरून खूश झाल्या.

"आडाणी हात हाय आमचा," अण्णाप्पा म्हणाले. "त्येला हळद दावल्याबगर उठत न्हाई. मास्तर, घ्या की चार."

मी नको म्हटले. टोपलीत हळकुंडे टाकत बसणे मला पोरकट वाटले. मी सिस्टरांकडे वर्तमानपत्र आणि पेन्सिल मागितली, आणि डाव्या हाताने मुळाक्षरे गिरवायला बसलो.

भिंतीवरचा कागद

घरी सोडताना सिस्टरांनी एक कागद दिला. त्यावर आठ व्यायाम होते. डाव्या हाताने उजवी बोटे उघडायची. दोन्ही हातांची बोटे गुंफून डोक्यावर न्यायची. दोन तळवे एकमेकांवर दाबून पुढे मागे घासायचे. खडे उचलायचे. आधाराशिवाय स्टुलावरून उठायचे. असे आठ.

"औषध संपलं, मास्तर," त्या म्हणाल्या. "आता हेच. दिवसातून तीन वेळा. पहिले सहा महिने हात ऐकतो. पुढं ऐकेनासा होतो. आणि जेवायचं उजव्या हातानं. सांडलं तरी, तासभर लागला तरी."

मी मान डोलावली. अभ्यास करणे मला नवे नव्हते.

घरी आल्यावर पहिले काम केले ते वेळापत्रक. मोठा कागद घेतला, पट्टीने रेघा मारल्या, डावीकडे तारखा, वर सकाळ, दुपार, संध्याकाळ. व्यायाम झाला की त्या चौकटीत बरोबरची खूण. कागद भिंतीला लावला. डाव्या हाताचे अक्षर तोवर बसले होते. भेटायला येणारा प्रत्येक जण कागदापुढे थांबायचा. "मास्तर, हे डाव्या हाताचं? कमाल आहे!" हेडमास्तर म्हणाले, "अहो, तुम्ही तर उजव्यालाही लाजवलंत."

त्याच वेळी माझा उजवा हात मांडीवर पडलेला असायचा, बोटे आत वळलेली. त्याने त्या दिवशी अंगठा जोंधळ्याच्या दाण्याएवढा हलवला असेल तर ते कोणाला दिसत नव्हते. मलाही ते बघण्यात गोडी वाटेनाशी झाली. डाव्या हाताला रोज शाबासकी मिळत होती. उजव्याला नुसते कष्ट.

पायाचे व्यायाम मी केले. खरेच केले. काठी टाकून पेठेतून चालत जायचे होते, लोकांनी बघायचे होते. पाय आला. आज मी शाळेपर्यंत चालत जातो.

हाताचे व्यायाम अकरा दिवस पुरते केले. बाराव्या दिवशी अंगात कसर होती. दुपारची चौकट मोकळी राहिली. संध्याकाळी पाहिले तर ती मोकळी चौकट डोळ्यांत खुपत होती. सगळ्या भरल्या ओळीत एकच दात पडल्यासारखी. म्हटले, उद्या चार वेळा करू. आणि खूण केली.

दुसऱ्या दिवशी चार वेळा केले नाही. तिसऱ्या दिवशी दोन चौकटी तशाच भरल्या. पुढे पुढे तर सकाळी उठल्यावर दिवसाच्या तिन्ही खुणा एकदम करून टाकायचो, म्हणजे विसरायला नको! कॉपी करणाऱ्या मुलाला वर्षभर मागच्या बाकावर बसवणारा मी.

अनसूया बघत होती. "आवं, आज हात उगडला न्हाई," असे ती सुरुवातीला म्हणायची.

"केला. तू पाण्याला गेली होतीस तेव्हा."

ती चुलीकडे वळायची. जेवणाचेही तेच. पहिल्या आठवड्यात उजव्या हाताने भाकरी मोडायला गेलो आणि कालवणाची वाटी धोतरावर आली. घरात दोन पाहुणे होते. त्या दिवसापासून मी आतल्या खोलीत जेवायला लागलो आणि अनसूया भरवायला लागली. तिने दोनदा सांगितले की सिस्टर काय म्हणाल्या होत्या. तिसऱ्यांदा मी ताट सारले. मग तिने सांगणे सोडले. माझ्या घरात माझ्या शिक्षणाचा असा दरारा होता. आपण खोटे वागतो आहोत हे बायकोला दिसत असताना तिने गप्प राहावे इतका.

वाखाची जुडी

घरी येऊन दोन महिने झाले तेव्हा आबा आले. पाठीवर वाखाची जुडी. आमच्याकडे बांधाबांधाला घायपात असते. ते कुजवून, झोडून जो पांढरा धागा निघतो तो वाख. त्याची दावी, कासरे, चऱ्हाटे वळतात.

ओसरीवर जुडी टाकून आबांनी माझा हात हातात घेतला. उलटा-सुलटा केला, जनावराचा खूर बघावा तसा.

"मूट उगडत न्हाई व्हय रं?"

"उघडेल. व्यायाम चालू आहेत."

"आपल्या वाडीच्या धनगराचा हात असाच गेल्ता. त्यानं वाक वळला. दोन तळव्यांत धरून वळायचा म्हटल्यावर तळवा उगडावाच लागतो, न्हाई उगडून सांगतो कुनाला? दाव्याचं हे टोक तुजं आन म्होरलं माजं. दोगं लागत्यात वळाया. मी ऱ्हातो हितं म्हैनाभर."

"आणि रान?"

"रान काय पळून जातंय?"

पेरणीचे दिवस होते. रान पळून जात नाही, पण पेरणीचा वाफसा जातो, हे त्यांनी मला लहानपणी शिकवले होते.

तीन दिवस आम्ही ओसरीवर बसून वळले. मी धोतर गुडघ्यावर घेऊन, वाख पाण्यात भिजवून, दोन तळव्यांत धरायचो. डावा फिरायचा, उजवा नुसता ओढला जायचा. आबा दुसरे टोक धरून पीळ भरायचे आणि मला शिव्या घालायचे. "आरं, चोळ की! सासऱ्याच्या पाठीला त्याल लावतुयास व्हय?" तिसऱ्या दिवशी बोटे दुखली. पहिल्यांदाच दुखली. दुखणे म्हणजे जिवंत होणे, हे सिस्टरांनी सांगितले होते.

चौथ्या दिवशी सकाळी हेडमास्तर आणि त्यांच्याबरोबर तपासणीला आलेले साहेब मला बघायला म्हणून दारात उभे राहिले. माझ्या मांडीवर वाख, धोतर वर, अंगावर धाग्यांचा कचरा.

"हे काय, मास्तर? चऱ्हाट वळता?" साहेब हसले. वाईट हेतूने नाही. आज मला कळते, वाईट हेतूने नाही.

आबा आनंदाने म्हणाले, "बसा की सायेब. ल्हानपनी आमचा किस्ना लय झ्याक दावं वळायचा. गावात कुनाला तसा पीळ जमत नव्हता."

माझ्या कानशिलात रक्त चढले. ते गेल्यावर मी वाख बाजूला फेकला.

"आबा, दावीच वळायची होती तर मी बी. ए. कशाला झालो?"

"आरं, हातासाटी..."

"हाताला शास्त्र आहे. तुम्हाला त्यातलं काय कळतं? तो कागद बघा. डॉक्टरी व्यायाम आहेत. रोज तीन वेळा करतो मी."

आबा उठले. भिंतीशी गेले. वाचता येत नसले तरी खुणा दिसत होत्या. एकेका खुणेवर बोट ठेवत, मेंढरे मोजतात तशा त्यांनी विसाविसाने मोजल्या. बराच वेळ लागला. मी मध्येच थांबवू शकलो असतो.

"नऊ ईसा आन सा," ते म्हणाले. "येवढ्या येळा केलंस?"

"हो."

आमच्याकडे भावजय थोरल्या दिरापुढे बोलत नाही. लग्नाला अठरा वर्षे झाली, अनसूयेने आबांसमोर तोंडातून शब्द काढलेला नव्हता. तेव्हाही ती दाराआड पदर घेऊन उभी होती. मला तिच्या बांगड्या वाजलेल्या ऐकू आल्या. मी तिकडे बघितले नाही.

आबा कागदाकडे बघत राहिले. मग माझ्या हाताकडे. त्या दोन्हींत त्यांनी कागदावर विश्वास ठेवला. का ठेवू नये? तो कागद लिहिता यावा म्हणून तर त्यांनी मला शिकवले होते.

"मग माजंच चुकलं," ते म्हणाले. "मला आडाण्याला काय म्हाईत. तू नेमानं करतुयास, उगंच तुला चार मान्सांत लाजवलं." त्यांनी ओसरी झाडली, जुडी बांधून माळ्यावर ठेवली. "ऱ्हाऊ दे हितं. काय जड न्हाई." दुपारच्या मोटारीने ते परत गेले.

मला सुटल्यासारखे वाटले होते. हे लिहायला जड जाते, पण तसेच वाटले होते.

अडकित्ता

सहा महिन्यांनी इस्पितळात दाखवायला गेलो. भिंतीवरचा तो खुणांचा कागद मी स्वतः घडी करून खिशात घेतला होता. आता नवल वाटते, पण दाखवायला म्हणूनच घेतला होता.

व्हरांड्यात अण्णाप्पा बसले होते, तेही दाखवायला आलेले. मांडीवर पानाची चंची. मला बघून ओरडले, "आलं की इंग्रजी हात!" आणि बोलता बोलता उजव्या हाताने अडकित्ता धरून सुपारी कातरली. जाड, ओबडधोबड खांडे पडली. त्यांनी ती माझ्यापुढे केली.

"घ्या मास्तर. ह्या हाताची हाय."

मी डाव्या हाताने घेतली. त्यांनी माझ्या उजव्याकडे पाहिले आणि त्यांची बडबड थांबली. त्या थट्टेखोर माणसाने त्या दिवशी माझी थट्टा केली नाही, तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

सिस्टरांनी कागद वाचला. परत घडी घालून माझ्या खिशात ठेवला. मग बोटे उघडायला घेतली. अर्ध्यावर ती अडली. मी ओरडलो. त्यांनी सोडून दिले.

"बाई, घरी करत होते का हे?" त्यांनी अनसूयेला विचारले.

अनसूयेने माझ्याकडे पाहिले. "करत्यात की," ती म्हणाली.

"हाताला लागेल असं घरात काही काम नव्हतं का? ह्या शेटजींची हळद होती तसं?"

"मोठं भावजी वाक घिऊन आल्तं. वळाया."

"मग?"

अनसूयेने पुन्हा माझ्याकडे पाहिले. सिस्टर म्हणाल्या, "मी दिलेल्या कागदावरचा तिसरा व्यायाम तोच होता. तळव्यावर तळवा घासायचा. तुमच्या भावानं तो न वाचता सांगितला होता." रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे वाटले असते. "आता चालू ठेवा. थोडंफार येईल. पहिल्यासारखा येईल असं मी म्हणणार नाही."

परतीच्या गाडीत मी अनसूयेला म्हटले, खोटे का बोललीस. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुमचं झाकाया दुसरं काय हाय माज्यापाशी?"

खिडकी

शाळेने मला परत घेतले, हे उपकारच. मी डाव्या हाताने फळ्यावर लिहायला लागलो. मुले चांगली होती, कोणी हसले नाही.

एक दिवस खिडकीशी पटका दिसला. आबा. मी त्या वेळी फळ्यावर होतो. मुद्दाम सावकाश, वळणदार लिहिले. मागे वळून पाहिले तर ते फळ्याकडे नव्हे, माझ्या उजव्या हाताकडे बघत होते. सुट्टीत बाहेर आलो.

"अक्षर कसं आहे?" मी विचारले.

"ब्येस हाय," आबा म्हणाले. आणि मग, "पर तुजं न्हाई ते."

त्यांना एक अक्षर वाचता येत नव्हते. तरी त्यांना कळले.

"कागदावरचं करतुयास न्हवं?"

"करतो."

हे दुसऱ्यांदा. पहिल्यांदा रागाच्या भरात बोललो असे म्हणता येईल. दुसऱ्यांदा काय म्हणू?

नऊ विसा आणि सहा

मे महिन्याच्या सुट्टीत गावी गेलो. आबा अंगणात लिंबाखाली दावे वळत होते. मी बाजेवर बसलो. वैनी चहा ठेवत होत्या. आबा पीळ भरता भरता म्हणाले, "सांगलीचा डाक्तर बदलून बगू का रं? येवढं नेमानं करून हात येत न्हाई म्हंजी डाक्तरातच खोट हाय. म्या जित्राबं इकून पुन्याला न्हेतो तुला."

अनसूया उंबऱ्यावर होती. ती पदर सावरून अंगणात आली. आबांच्या समोर उभी राहिली. मान खाली होती, पण आवाज खाली नव्हता.

"मोठं भावजी, जित्राबं इकू नका. डाक्तरात खोट न्हाई. ह्यांनी केलंच न्हाई."

आबांचा हात थांबला. वैनी चुलीपासून उठून दारात आल्या. अठरा वर्षांत तो आवाज त्या अंगणात कोणी ऐकला नव्हता.

आबांनी तिच्याकडे बघितले नाही. रीत त्यांनी पाळली. हातातल्या दाव्याकडे बघत विचारले, "नऊ ईसा आन सा. त्यातल्या खऱ्या किती?"

आकडा त्यांच्या ध्यानात होता.

"पुऱ्या म्हनशिला तर पयल्या आकरा दिसांच्या," अनसूया म्हणाली. "एक ईस आन तेरा."

आकडा तिच्याही ध्यानात होता. म्हणजे मी भिंतीवर खुणा करत होतो तेव्हा ती मनात खऱ्या तेवढ्या मोजत होती.

मला वाटले आबा आता शिवी देतील, उठून जातील. ते म्हणाले, "मला वाचाया येत न्हाई म्हनून कागद दावलास व्हय, किस्ना?"

मी डाव्या हाताने उजवी मूठ झाकली.

आबा उठले. दाव्याचे टोक घेऊन माझ्यापुढे आले आणि ते माझ्या वळलेल्या मुठीत खुपसले. "धर," म्हणाले. "उगडत न्हाई तर न्हाई. धराया तर येतंय." आणि मागे जाऊन पीळ भरायला बसले.

विचारायला येणाऱ्यांना

त्याला आता तीन-चार वर्षे झाली. रोज सकाळी मी ओसरीवर बसून वाख वळतो. रस्त्यावरून कोणीही जावो. त्या सुट्टीतून साताऱ्याला परत आल्यावर पहिल्या दिवशी माळ्यावरून आबांची ती जुनी जुडी काढली. उंदरांनी कुरतडली होती. हातात घेतली तर तुकडे पडले. तिच्यात चाळीसेक दावी झाली असती. ती वळायचे महिने निघून गेले. नवा वाख मागवला.

अंगठा थोडा सुटला आहे. पहिले बोट अर्धे उघडते. पेला धरता येतो, भाकरीचा तुकडा मोडता येतो, सांडतो. सगळ्यांबरोबर बसून सांडतो. खडू धरता येत नाही.

ज्यांच्या घरी हे दुखणे आले आहे त्यांना माझे सांगणे एवढेच आहे. तेल कोणते ते मला विचारू नका. इस्पितळातून कागद मिळेल, तो नीट जपा, पण त्याच्यावर खुणा करत बसू नका. व्यायाम घरात कोणाच्या तरी समोर करा, आणि जमेल तर कोणाला तरी उपयोगी पडेल अशा कामातून करा. शेंगा फोडा, लसूण सोला, सूत काता. ते काम हलके वाटले तर माझी आठवण काढा. आणि घरच्या बायकांनो, आमच्या शिक्षणाला भिऊ नका. अकराव्या दिवसानंतर बाराव्याच दिवशी बोला.

मी वळलेली दावी आबा नेतात. माझ्या बाजूचा पीळ सैल पडतो. गेल्या खेपेला सांगत होते, माझ्या दाव्याची शेळी तीनदा सुटली, एकदा तर पार शेजारच्या वाडीत जाऊन बसली.

मी म्हटले, "मग ते दावं टाकून द्या की, आबा."

"टाकतुय कशाला?" ते म्हणाले. "सुटली की आनतो आन त्यालाच बांदतो."